बोल्ट मारलेली चाके

मी दवाखान्यातली एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो. चाके धडधाकट आहेत, पण मी जागची हलत नाही. का, ते सांगते.

एका कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून, वर जाड कापड ताणून मला घडवले आणि थेट या सरकारी दवाखान्यात धाडले. इथे मी मावशींच्या हाती पडले. मावशी म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस. लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणत. माझे डावे चाक फार कुरकुरायचे. मावशी त्यात तेल सोडत आणि दटावत, "गप गं, पेशंट झोपलाय." फाटकापासून वॉर्डापर्यंतचा लांबलचक व्हरांडा आम्ही दोघींनी झिजवला. पाय मोडलेली पोरे, दिवस भरलेल्या बाया, धाप लागलेले म्हातारे, सगळ्यांना मी मांडीवर घेतले. मला स्वतःचा मोठा अभिमान वाटे.

मग सरकारने हा दवाखाना आरोग्य महामंडळाला देऊन टाकला. करारात एक अट होती. जमिनीला किंवा भिंतीला पक्के बसवलेले सगळे इमारतीबरोबर महामंडळाचे. सुटे सामान सरकारी गोदामात परत. मी सुटी. आणि दवाखान्यात माझ्यासारखी दुसरी नव्हती.

मावशींच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी मिस्त्रीला गाठले.

"हिला फरशीला जखडून टाक."

"मावशी, चाकांची खुर्ची कुणी जखडतं का?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे रे. सामान तपासायला साहेब येऊन गेले की सोडव."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला, पण फाटकाजवळ मला उभी करून पट्ट्या घातल्या, बोल्ट आवळले. दोन्हीकडचे साहेब आले. त्यांनी मला हलवून पाहिले. "पक्की," सरकारचे साहेब म्हणाले. "पक्की," महामंडळाचे म्हणाले, आणि बोल्टांवर लाखेचा शिक्का मारून गेले. मावशींनी तोंडावर हात धरून हसू दाबले. मीही मनातल्या मनात हसले.

आता शिक्का तोडला तर नोकरी जाणार! मावशींनी महामंडळाकडे परवानगी मागितली. ते म्हणाले, सरकारची संमती आणा. सरकार म्हणाले, दवाखाना आता आमचा नाही. निदान नवी खुर्ची द्या म्हटले, तर उत्तर आले, "आहे ना तुमच्याकडे एक!" हेलपाटे घालून मावशी थकल्या. तरी रोज सकाळी माझ्या चाकात तेल सोडायच्या आणि म्हणायच्या, "तुला ठेवायला गेले, आणि बांधूनच घातलं गं." मला फार वाईट वाटायचे.

आज सकाळी तेल घालून उठताना मावशी घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. मिस्त्री आणि पहारेकरी त्यांना चादरीत घालून नेऊ लागले. उचलताच त्या कळवळल्या आणि त्यांनी माझा दांडा घट्ट धरला.

"ने गं मला," त्या म्हणाल्या.

मी होता नव्हता तेवढा जोर लावला, मित्रांनो. बोल्ट तसूभरही सरकला नाही. मिस्त्रीने रडत रडत त्यांची बोटे सोडवली.

मोठेपणी तुमच्यापैकी कुणी साहेब झालात, तर शिक्का मारण्याआधी त्या वस्तूचे काम काय आहे तेवढे विचारा. आणि कधी इकडे आलात, तर पाना घेऊन या. मावशी आत खाटेवर कण्हत आहेत, आणि माझ्या चाकात त्यांनी सोडलेले तेल अजून ओले आहे.