सगळ्या गाड्यांना निरोप

पिंटूने टायर काढायची लोखंडी टॉमी उचलून आमचा कॉम्प्युटर फोडला आणि मला हसू आलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं सासूबाई म्हणतात, ते खोटं नाही.

"अरे, डबा फोडून काय होणार?" मी म्हणाले. "प्रोग्राम त्यात नाहीच. तो परदेशातल्या भाड्याच्या मशीनवर चालतो. कुठूनही उघडता येतो."

बोलून गेले आणि कळलं, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय.

पिंटू परका नव्हता. काशीमीरा नाक्यावर आमच्या ऑफिससमोरच त्याचं आणि त्याच्या भावाचं, विठूचं, पंक्चरचं दुकान. आमचा सकाळचा चहा एकाच टपरीवरचा. माझा नवरा जितेश याने एका ट्रान्सपोर्टवाल्यासाठी हा प्रोग्राम बनवला होता. गाडीत बसवलेल्या यंत्रामुळे कुठली गाडी कुठे आहे ते त्यात दिसायचं आणि ड्रायव्हरांच्या मोबाइलवर निरोप जायचे. जितेशने बनवला, चालवायचे मी. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, की सातासमुद्रापलीकडचं मशीन ऐकायचं. नवऱ्यापेक्षा जास्त ऐकतं, असं मी त्याला चिडवायचे. दोन हजार नऊ साली नाक्यावर हे कुणाला पटत नसे. त्यांच्या मते सगळं टेबलावरच्या डब्यात असायचं.

त्या सकाळी विठू रात्रभर टायर काढून दमला आणि उभ्या ट्रकखाली सावलीला झोपला. ट्रक बबनचा, त्याच ट्रान्सपोर्टवाल्याच्या एका ड्रायव्हरचा. बबन आला, गाडी सुरू केली आणि निघून गेला. आपल्या चाकाखाली काय आलं, त्याला कळलंसुद्धा नाही. फोन बंद ठेवून तो गाणी ऐकत गुजरातकडे चालला असणार. पिंटूच्या शर्टावर भावाचं रक्त वाळलं होतं. बबनला रस्त्यावर धाडणारा हाच डबा, असं समजून त्याने तो फोडला होता.

"वहिनी, मग उघडा ते," पिंटू म्हणाला. "बबन कुठंय ते दाखवा मला."

"पोलिसांकडे जा ना."

त्याने टॉमी जितेशच्या गुडघ्यावर घातली. जितेश खाली बसला. पिंटूबरोबर गॅरेजमधले दोघे होते. त्यांनी आम्हाला टेम्पोत कोंबलं आणि शांती नगरात हंसाबेनच्या सायबर कॅफेसमोर उतरवलं. आतली गिऱ्हाइकं हाकलली आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"भैया, बाल-बच्चेवाली हूँ मैं," हंसाबेन म्हणाल्या. एकाने त्यांना ढकललं तशा त्या भिंतीला टेकून मुकाट उभ्या राहिल्या.

मी काळी खिडकी उघडली. पिंटूने जितेशचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला.

"खोटं बोलू नका, वहिनी. बबन सापडेपर्यंत जितेशभाऊ आमच्या टेम्पोत राहणार."

"बबनने मुद्दाम नाही केलं रे, पिंटू."

"मग विठूने मुद्दाम केलं?"

बबनचा पत्ता दिला असता तर संध्याकाळपर्यंत त्याचंही मढं झालं असतं, आणि तेही माझ्या हाताने. नेट रडतखडत चाललं होतं. पिंटूला वाटलं मी चालढकल करतेय. त्याने टॉमी जितेशच्या बोटांवर हाणली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. जितेश ओरडला नाही, नुसता तोंड उघडून राहिला. पिंटूने परत टॉमी उचलली आणि परत हाणली.

मला भीती वाटली नाही. डोक्यात रागाचा नुसता डोंब उसळला. खिडकी एकदाची हुकुमाला तयार झाली. निरोपाच्या हुकुमात गाडीचा नंबर दिला तर निरोप त्या एकाच ड्रायव्हरला जातो. नंबर दिलाच नाही तर सगळ्यांना जातो. मी नंबर दिला नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'पिंटूने जितेशचा हात मोडला. शांती नगर, हंसाबेनचा कॅफे. लगेच या.'

पिंटू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती.

"काय लिवलं?"

"विचारलंय. उत्तर यायला वेळ लागतो."

काशीमीऱ्याहून शांती नगरला यायला लागतो तेवढाच वेळ लागला. शटर धाडकन वर गेलं. पुढे लवू ड्रायव्हर, त्याच्या हातात जॅकचा दांडा, आणि मागे नाक्यावर गाड्या लावून थांबलेले आमचे बाकीचे ड्रायव्हर, दारात मावेनात इतके. गॅरेजमधले दोघे वाट काढून पळाले. पिंटू पळाला नाही.

"लवूभाऊ, माझा विठू..." एवढंच तो म्हणाला. परवाच भर उन्हात वरसाव्याच्या पुलावर जाऊन त्याने लवूचं टायर बदलून दिलं होतं. लवूने दांडा त्याच्या तोंडावर मारला.

पहिले फटके मला गोड लागले. लपवत नाही. पिंटू पडला तेव्हा मी मनात म्हटलं, अजून एक घाला. त्यांनी घातला. मग लाथा सुरू झाल्या. त्याचे दात फरशीवर आले, कान फाटला, आणि हात डोक्यावर घ्यायचंही त्याने सोडून दिलं.

"बस झालं, लवूभाऊ. मरेल तो," मी ओरडले. मोडका हात छातीशी धरून जितेशही ओरडत होता. मी लवूच्या दंडाला लोंबकळले. त्याने बघितलंसुद्धा नाही, मला झटकलं, आणि मी कीबोर्डवर जाऊन आदळले.

मग मला येत होतं तेवढं मी केलं. काळ्या खिडकीत लिहिलं, 'थांबा. सोडा त्याला.' गाडीचा नंबर दिला नाही. हुकूम धाडला.

क्षणभराने लवूच्या शर्टाच्या खिशात मोबाइल वाजला. मग शेजारच्याच्या पँटीत वाजला, मग त्याच्या पलीकडे, मग पिंटूभोवती सगळीकडून एकदमच वाजायला लागले. माझ्यासमोर ओळीखाली ओळ येत होती, निरोप पोचला, निरोप पोचला. खिशात घालायला एकाचाही हात मोकळा नव्हता.