म्हातारीला पाजलेलं औषध

धूर तपासणी केंद्राच्या रांगेत ऐन वेळी म्हातारी खोकली आणि मागे बसलेली लेक पुढे वाकली. म्हातारी म्हणजे बाबांची गाडी. लेकीपेक्षा वयाने मोठी, आणि बाबांच्या मते गुणांनीही. आज नापास झाली की थेट भंगारात, नियमच तसा होता. बाबा सकाळपासून स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते.

पुढे दोनच गाड्या उरल्या असताना म्हातारीने आचके दिले, काळा ढग सोडला आणि बंद पडली. मागच्या स्कूटरवाल्याने नाकाला रुमाल लावला. "काका, गाडी आहे की चूल?"

सोबत आलेला जावई गॅरेजवाला. त्याने बॉनेट उघडून कार्बोरेटरचा जेट काढला. पेट्रोल जायचं त्याचं बारीकसं भोक चिकट घाणीने बुजलं होतं. मग त्याने टाकीचा वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला.

"काल मी इंजिन साफ करायचं औषध टाकलं होतं," तो हळूच म्हणाला. "पण एका बाटलीचा एवढा वास येत नाही."

लेकीने जीभ चावली. "एक मीही टाकली."

दोघांनी बाबांकडे पाहिलं. बाबा आरशात बघत बसले होते.

"मी दोनच टाकल्या," ते म्हणाले. "दुखणं जुनं आहे ना."

अति तिथे माती, दुसरं काय! बेताने घातलं तर हे औषध इंजिनातली काजळी हळूहळू काढतं. इथे चार बाटल्यांनी टाकीतला सगळा जुना मळ एकदम सोडवला होता. लेकीला हसू आवरेना आणि रडूही.

मग एकच धांदल उडाली. जावयाने टाकी कॅनमध्ये उपसली. "ओता की गटारात," स्कूटरवाला म्हणाला. "आणि तेच पाणी प्यायचं?" म्हणत जावयाने कॅनचं झाकण घट्ट लावलं. लेक समोरच्या पंपावरून साधं पेट्रोल घेऊन धावत आली. जेट साफ झाला, इंजिन धडधडलं. धूर आधी काळा आला, मग राखाडी, मग दिसेनासाच झाला.

तपासनिसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली. आकडे चढू लागले तशी लेकीने बाबांचा हात धरला. आकडे रेषेच्या खालीच थांबले.

"पास," तपासनीस म्हणाला. "या वयात एवढी स्वच्छ? घालता तरी काय हिच्यात?"

"काही नाही," तिघंही एकदम म्हणाले.

फाटकाबाहेर बाबांनी गाडी थांबवली. आजवर कुणाला हात लावू न दिलेली किल्ली त्यांनी लेकीच्या हातात ठेवली.

"तू चालव," ते डोळे पुसत म्हणाले. "मला समोरचं नीट दिसत नाहीये."