मैनुद्दीन मिस्त्रींच्या हातचा खोका

मी एक खोका आहे. हसा खुशाल. पुण्यात राहून लोकांच्या हसण्याची सवय झाली आहे मला. इथे वस्तूंनाही टोमणे चुकत नाहीत. पण मी वाण्याकडचा खोका नव्हे, गाण्याचा खोका. माझ्या पोटात हा एवढा मोठा स्पीकर आहे, आणि अय्युबने गिटारला हात घातला की कसबा पेठेतल्या आमच्या बोळात माझ्या नावाने बोटं मोडली जायची.

माझा जन्म सत्त्याण्णव सालचा. अय्युबचे अब्बा, मैनुद्दीन मिस्त्री, खडकीच्या एका शेडमध्ये लष्करी मालाचे लाकडी खोके बनवायचे. पस्तीस वर्षं त्यांच्या कानाशी करवतीचं यंत्र किंचाळत होतं. पोराने कॉलेज सोडून रॉक बँड काढला, तेव्हा त्यांनी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी सायकलला देवदाराच्या फळ्या बांधून आणल्या. "गाणारच आहेस, तर स्पीकर असा उघडा नको," एवढंच म्हणाले.

मला त्यांनी जीव लावून घडवलं. रंधा कुणाचा जिवाभावाने चालतो आणि कुणाचा पगारासाठी, हे लाकडाला बरोबर कळतं. माझे सांधे असे बसवले की मुंगी शिरायची नाही. आणि शेवटी, हाताला लागलेल्या सवयीने, त्यांनी माझ्या पोटात गच्च काथ्या ठासला. त्यांच्या धंद्याचा नियमच तो होता, खोक्यातला माल हलता कामा नये. तोफगोळ्यांना हा नियम उत्तम. गाण्याचं मात्र सगळंच उलटं. माझा आवाज गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा यायला लागला. मिस्त्रींना तो ठणठणीत वाटला, कारण त्यांचे अर्धे कान तेव्हाच करवतीने खाल्ले होते. घरात मात्र सगळ्यांना वाटे, ते लक्षच देत नाहीत.

पहिल्या तालमीला पोरं गच्चीवर जमली. मच्छिंद्र नावाचा ड्रम वाजवणारा होता, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "अय्युब, हा स्पीकर आहे का पडसं झालेला काका?" सगळे खिदळले. अय्युबचा चेहरा पडला. त्याने पेचकस घेतला, माझी पाठ उघडली आणि मूठमूठ काथ्या बाहेर फेकायला लागला. नेमके त्याच वेळी मिस्त्री चहाचा ट्रे घेऊन वर आले.

"अरे, काय करतोस? राहू दे तो आत. नाहीतर खिळखिळा होईल."

"अब्बा, तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि तुम्ही मला आवाज शिकवता?"

माणसांच्या कानांचं मला आजवर कोडं आहे. मिस्त्रींना एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. हे वाक्य मात्र पहिल्याच वेळी आरपार गेलं. त्यांनी ट्रे कठड्यावर ठेवला. गच्चीवर कचरा नको म्हणून काथ्या हातांनी गोळा केला आणि ते खाली गेले. पुन्हा कधी तालमीला आले नाहीत. अय्युबने बोलावलंही नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझा आवाज मोकळा झाला आणि मलाही आनंदच झाला होता. आज त्याची लाज वाटते.

पुढची काही वर्षं धुमाकूळ घातला आम्ही. कंपनी नाही, मालक नाही. स्वतः लिहायचं, स्वतः ध्वनिमुद्रण करायचं, कॉलेजांच्या गेटवर स्वतःच विकायचं. गाणी सगळी जगावर संतापलेली होती. जगाने अय्युबला अजून चिमटासुद्धा काढला नव्हता, पण आव मात्र असा की याचं घरदार जाळलंय. मग मच्छिंद्रला हिंजवडीला नोकरी लागली, दुसऱ्याचं लग्न झालं, आणि बँडचं गणपतीनंतरच्या मांडवासारखं झालं. अय्युब एकटा उरला. दिवसा छापखान्यात काम करायचा, संध्याकाळी माझ्यासमोर गिटार मांडीवर घेऊन नुसता बसायचा. एक ओळ सुचत नव्हती.

एकदा अमिनाबी, म्हणजे अय्युबची अम्मी, बाजारात गेल्या होत्या. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारातच बसलेले. कुकर शिट्ट्या मारून मारून थकला, डाळ जळाली, धूर कोंडला, तेव्हा कुठे ते उठले. दुसऱ्या दिवशी अय्युब त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आल्यावर मिस्त्री आत जाऊन पडले, आणि अय्युबने माझ्यासमोरच अम्मीला सांगितलं.

"डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. शिट्टी, घड्याळ, चिमण्या. मग बायकांचे आवाज. जाड आवाज शेवटी. आणि गेलेलं परत येत नाही."

अमिनाबी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. "म्हणजे त्यांच्या कानातून माझा आवाज गेला? कधी?" मग सूप बाजूला सारलं. "मी उगाच चिडत राहिले रे. मला वाटायचं, मुद्दाम करतायत."

त्या दिवसापासून अय्युब पुन्हा लिहायला लागला. एका गाण्याला त्याने तीन महिने घेतले. त्या गाण्यात सगळी वाद्यं एकदम सुरू होतात आणि मग एकेक गळत जातं. आधी झांजा जातात. मग गिटारची सगळ्यात बारीक तार, मग तिच्या शेजारची. ऐकणाऱ्याला आधी कळतच नाही काय कमी झालंय. घरच्यांनाही कळलं नव्हतं. शेवटी एक जाडी तार उरते आणि अय्युबचा आवाज. तो गातो, 'ऐकू गेलं तेवढं एक वाक्य, अब्बा, मला परत द्या.'

या गाण्यासाठी त्याने मंडईजवळून नवा काथ्या आणला आणि अब्बांच्या पद्धतीने माझ्या पोटात गच्च भरला. भरताना रडत होता. मी खोका असून मला ते बघवलं नाही.

मग गाण्यामागून गाणी आली, सात झाली. मित्रांनी एक सभागृह मिळवून दिलं. अय्युबने अब्बा-अम्मीला पहिल्या रांगेत बसवलं. पण गाणी पुरी होईतो पाच वर्षं गेली होती आणि मिस्त्रींच्या कानातून जाड आवाजही गेले होते. अय्युब अब्बांचं ते गाणं गात होता, मी जीव तोडून थरथरत होतो, आणि मिस्त्री शांत. थोड्या वेळाने ते खुर्चीत मागे वळले आणि लोकांचे चेहरे बघत बसले. गाणं संपेपर्यंत चेहरेच बघत होते.

मला टेम्पोतून घरी आणून ठेवलं, तेव्हा ते अमिनाबींना म्हणाले, "चांगलं झालं असणार. मागच्या रांगेतली एक पोरगी रडत होती." मग अय्युबकडे बघून विचारलं, "कशावर होतं रे गाणं?"

चारशे माणसांसमोर तासाभरापूर्वी ओरडून सांगितलेली गोष्ट. इथे खोलीत तिघंच. अय्युबने तोंड उघडलं, मिटलं, आणि काही नाही, असंच, असा हात हलवला. मिस्त्रींनी मान डोलावली आणि टोपी खुंटीला लावली.

आता मी बाहेरच्या खोलीत असतो. दौऱ्यावर न्यायला अय्युबने हलका, विकतचा स्पीकर घेतला आहे. माझं स्टूल झालंय, पण त्याची तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. अमिनाबी खुणांनी जेवण सांगतात, औषध सांगतात. माफी काही खुणेने मागता येत नाही. मिस्त्री अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत. हल्ली जिना चढताना दोनदा थांबतात.

अय्युब, तू गावोगाव ते गाणं म्हणतोस, लोक रडतात, आणि ज्याच्यासाठी केलंस तो इथे एकटा बसलेला असतो. अरे, त्यांचे कान गेलेत, डोळे नाही गेले. रोज सकाळी माझ्यावर पेपर पसरून निविदांसकट वाचून काढतात. एका कागदावर ती ओळ मोठ्या अक्षरांत लिही आणि त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेव. त्याला चाल लागत नाही.