हा घास हिचा

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिला सगळे 'मीठबंद बाई' म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. रुग्णांची ताटं वॉर्डात जाण्याआधी तिच्या टेबलावरून जात. निळ्या चिठ्ठीचं ताट म्हणजे बिनमिठाचं, आणि त्यात कुणी दयेपोटी मिठाची पुडी सरकवली तर बाईंना झाकण न उघडता वास येतो, असं आचारी शपथेवर सांगत. मिठाला वास नसतो, पण आचाऱ्यांना कोण सांगणार! "एका दिवसानं काय होतंय?" हे वाक्य तिच्या लेखी शिवीच होतं. तिचं ठरलेलं उत्तर असे, "होडीला भोकही एकच पडतं."

घरी मात्र ती चिऊ होती. चाळिशी जवळ आली तरी चिऊच. घर म्हणजे मागे दोन खोल्या आणि पुढे रस्त्याला लागून बाबांचं शिवणकामाचं दुकान. बाबांना सगळी गल्ली 'मास्तर' म्हणे. खिडकीशी मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीवर उभा आरसा, त्याच्या शेजारी गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला पडदा लावलेला कोपरा, आणि त्या पडद्याआड आईचा पुतळा.

पुतळा म्हणजे चौकातला नव्हे. शिंप्याकडे असतो तो, बिनडोक्याचा, बिनहातांचा, लाकडी पायावर उभा. लग्नानंतर मास्तरांनी चिंध्या आणि कापूस भरभरून तो बायकोच्या मापाचा केला होता, म्हणजे तिला सारखं मापाला उभं राहायला नको. आई अंगानं चांगली भरलेली, पुतळाही तसाच. पुढे आईची किडनी बिघडली. ती वाळत गेली तसतसा मास्तर पुतळ्यातला कापूस काढत गेले, कारण आजारी माणसालाही कपडे लागतातच. शेवटी शेवटी पुतळ्याचं कापड नुसतं लोंबत होतं. आई गेली, पुतळा राहिला. अंगात तिचा शेवटचा निळा झगा.

आजारपणात आईचं पथ्य चिऊनंच सांभाळलं. दुसरं कोण सांभाळणार? उकडलेला भोपळा, मीठ नाही की काही नाही, चमच्याचमच्यानं भरवायचा. आई तोंड फिरवी. "तोंड उघड, आई. नाटकं नकोत. बरी झालीस की हवं ते खा." एका दुपारी रस्त्यावर कुणीतरी वेफर्सचा पुडा फोडला. तेवढा आवाज आईनं बरोबर ऐकला. "एकच वेफर दे गं," ती म्हणाली. "खात नाही. नुसता चाटते आणि परत देते." चिऊ नाही म्हणाली. त्याच आठवड्यात आई गेली. एका वेफरनं ती मेली नसती आणि त्याच्यावाचून वाचलीही नाही, हे चिऊला पुरतं ठाऊक होतं. तेच तर टोचत होतं.

वर्ष उलटतंय तोच डॉक्टरांनी मास्तरांना धरलं. रक्तदाब चढलेला, पोट मशीनला टेकतंय. मीठ बंद, तेल बंद, वजन उतरवा. चिऊनं कंबर कसली. एक माणूस गेलं होतं, दुसरं तिला जाऊ द्यायचं नव्हतं. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

मास्तर काही दिवस शहाण्यासारखे वागले. मग कुरकुर सुरू झाली.

"चिऊ, रविवारी तरी सूट दे. कैद्यांनासुद्धा सुट्टी असते."

"बाबा, बोट दिलं की तुम्ही मनगट धरणार."

"मूठभर वेफर्स गं. मूठसुद्धा तुझीच धर, माझी नको."

दुसरं काही मागितलं असतं तर ती हलली नसती. पण वेफर्सचं नाव निघालं आणि तिला आईची ती दुपार आठवली. "बरं," ती म्हणाली. "रविवारी दुपारी. एक वाटी."

पहिल्या रविवारी तिनं टेबलावरची कात्री बाजूला सारून वाटी ठेवली. मास्तरांनी एक वेफर उचलला, पडद्याकडे बघून डोळा मारला आणि म्हणाले, "हा घास हिचा." मग तो तोंडात टाकला.

चिऊला हसू आलं. लहानपणी आई तिला असंच भरवायची. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. आपलंच नाव चिऊ म्हटल्यावर चिऊचा घास ती हक्कानं खाई आणि काऊच्या घासाला अडून बसे. तो मी खाल्ला तर काऊ काय खाणार? आई म्हणे, "ज्याचं नाव घ्यावं त्याच्या पोटात जातो. तू नुसता चाव." लहान पोरांना काय, काहीही पटतं.

वजन उतरू लागलं. डॉक्टर खूश. "मी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले, "अधूनमधून सूट असली की पथ्य टिकतं." मीठबंद बाईंनी हे मान खाली घालून ऐकून घेतलं. घरी येताना तिला हलकंही वाटलं. आपण चुकलो असू. चुकलो तर चुकलो, बाबा तर बरे होतायत.

मास्तरांनी स्वतःची विजार आत घेतली. काही दिवसांनी पुन्हा घेतली. पुढच्या खेपेला शिवणीला शिवण भिडली, तेव्हा चिऊनं त्यांना काट्यावर उभं केलं. वजन जिथं थांबायला हवं होतं तिथं थांबलं नव्हतं. तिनं तेल सुरू केलं, अंडी, बटाटे, दूध, लोणीसुद्धा. मास्तर सगळं खात, ताट चाटूनपुसून ठेवत, आणि गालफडं आणखी बसत. तपासण्या झाल्या, कशात काही सापडेना. समोरची इस्त्रीवाली कपड्यांचा गठ्ठा टाकून जाता जाता म्हणाली, "मास्तर, खाता ते कुणाच्या अंगी लागतं हो?" मास्तर हसले. ते हसणं चिऊला आवडलं नाही.

त्याच दिवशी दुकान झाडताना तिनं पडदा सारला. निळा झगा पुतळ्याला तट्ट बसला होता. काखेतले टाके ताणले होते.

"बाबा, पुतळ्यात कापूस भरलात?"

"मी कशाला? हातही लावला नाही."

"मग हा असा कसा?"

"ती पहिल्यापासून अंगानं भरलेलीच होती," मास्तर म्हणाले आणि मशीन चालू केलं.

चिऊनं पुतळ्याच्या गळ्यापाशी हात लावला. घाम वाळल्यावर कापडावर उमटतो तसा पांढरट थर तिथं होता. बोटाला लागलेलं तिनं, का कोण जाणे, जिभेला लावलं. मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या वेळेला न सांगता घरी आली, मागच्या दारानं. मास्तर दुकानात टेबलाशी जेवत होते. पाठ तिच्याकडे, पण आरशात चेहरा दिसत होता. त्यांनी कडक भाजलेल्या पावाचा तुकडा उचलला. ओठ पुटपुटले. हा घास हिचा. मग पुढचा तुकडा. हा घास हिचा. रविवारचा एक नव्हे, प्रत्येक. त्यांचे जबडे हलत होते आणि आवाज नव्हता. चावण्याचा आवाज पडद्यामागून येत होता. कुर्रम. कुर्रम. घास तोंडात जाई, तोंड रिकामं होई, पण कंठ जागचा हलत नसे. पडद्याखालून निळ्या झग्याची कड दिसत होती. ती मात्र दर घासाला हलत होती.

"बाबा!"

चावणं थांबलं. पडद्यामागचंही.

मास्तर दचकले नाहीत. चोरी पकडलेल्या मुलासारखे ओशाळले फक्त. "मी थट्टेत नाव घेतलं होतं गं पहिल्यांदा," ते म्हणाले. "पण ती वाट बघायला लागली. मी ताट घेऊन बसलो की पडदा हलायचा. उपाशी माणसासमोर एकट्यानं जेवायचं कसं?"

"तुम्ही मरायला टेकलाय, बाबा. कळतंय का तुम्हाला?"

"उपाशी गेली ती, चिऊ."

त्यांनी आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. चिऊ तिथंच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

मग तिनं सगळे उपाय केले. स्वतःच्या हातानं त्यांना भरवलं, "हा घास बाबांचा" म्हणून. तो घास त्यांच्या घशाखाली उतरेना. ठसका लागून बाहेर आला. शेवटी तिनं मोठी कात्री घेतली आणि पुतळ्याच्या कुशीतली शिवण धरली. पहिला टाका कापला तशी आतल्या खोलीतून मास्तर किंचाळले. ती धावली. ते बरगडीवर हात दाबून पडले होते. तिनं कात्री ठेवून दिली आणि सुई-दोरा घेऊन तो टाका परत घातला. घालताना कापड कोमट लागलं.

भूक आपण ठेवली, तर ती आपणच भागवायची. एवढं तिला सरळ दिसलं, आणि भीती वाटत होती तरी दुसरं काही दिसेना.

रविवारी दुपारी मास्तर आत पडून होते. उठून बसायचं त्राण उरलं नव्हतं. चिऊनं दुकानाचं दार लावलं, पडदा सारला आणि पुतळ्यासमोर स्टूल ओढलं. मांडीवर वेफर्सचा मोठा पुडा, दुकानदाराला विचारून सगळ्यात खारट होता तो आणलेला. तिनं तो फोडला. त्या आवाजासरशी पुतळा तिच्याकडे किंचित झुकला.

"आई, एक नाही, सगळा तुझा," ती म्हणाली. "पण बाबांना सोड."

तिनं वेफर उचलला. "हा घास आईचा."

वेफर जिभेवर टेकला आणि नाहीसा झाला. ना चव, ना चावणं. कुर्रम आवाज समोरून आला. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. नंतर मोजायचं भान राहिलं नाही. आवाज घाईचा होत गेला, अधाशी होत गेला. झग्याचा एक टाका तुटला, मग काखेतली अख्खी शिवण उसवली. इकडे चिऊच्या पोटात भुकेचा खड्डा पडत चालला, तिला कधी लागली नव्हती इतकी भूक लागली. पण ती थांबली नाही. पुडा संपला तेव्हा तळाचा चुरा आणि मीठ तिनं तळहातावर ओतलं आणि तेही आईच्या नावानं तोंडात टाकलं.

शांतता झाली. मग त्या बिनहातांच्या पुतळ्याकडून बोटं चाटल्याचा आवाज आला. एकेक बोट, सावकाश.

"चिऊ!" आतून मास्तरांची हाक आली. कित्येक आठवड्यांत ऐकली नव्हती अशी खणखणीत. "अगं, भूक लागली मला! माझी मला लागली!"

चिऊच्या डोळ्यांना धारा लागल्या. वाचले. बाबा वाचले. ती भिंतीला धरून उठू लागली, तोच पुतळ्याच्या मोकळ्या गळ्यातून आवाज आला. ओळखीचा, मायेचा, तृप्त.

"बस खाली. दमलीस. आता हा घास चिऊचा."

तिच्या ओठांना चमचा टेकला. चमचा कुठंच नव्हता, पण त्याची गार कड तिला स्पष्ट जाणवली, आणि मागोमाग कोमट, मऊ वास आला. चिऊनं तोंड फिरवलं. चमचाही तिकडे फिरला.

"तोंड उघड, चिऊ," आई म्हणाली. "नाटकं नकोत. बरी झालीस की हवं ते खा."

चिऊनं तोंड उघडलं. भोपळा होता. अळणी.