रेडिओबुवांची आरती

या, असे पुढं सरका. टाळ खाली ठेवा अन् कान इकडे द्या. अकोल्याला सरकी काढायच्या कापसाच्या जिनामागल्या वस्तीत एकदा एक बुवा आले होते. त्यांना ना पाय होते, ना पोट. खोटं वाटलं तर खुशाल हसा, पण मधून उठू नका. मधून उठण्यावरूनच तर सगळं रामायण घडलं!

गोरगरिबांच्या वस्त्यांना सरकारनं सार्वजनिक रेडिओ द्यायला घेतले, तेव्हाची ही गोष्ट. वस्तीत वीज नव्हती, म्हणून रेडिओसोबत विटेसारखी जड बॅटरी आली. आणणारे साहेब बजावून गेले, "जपून वापरा. दुसरी आता दिवाळीनंतरच." रेडिओ मारुतीच्या ओट्यावर बसला आणि त्याची देखभाल जिनात कामाला असलेल्या नत्थुजीकडे आली.

नत्थुजीचा जीव त्या बॅटरीत अडकला होता, तो आईपायी. पार्बताबाईचे पाय गेलेले. कीर्तनं व्हायची ती पार रेल्वे फाटकापलीकडच्या देवळात. एकादशीच्या दुपारी नागपूर केंद्रावर कीर्तन आहे हे कळलं, तशी म्हातारी म्हणाली, "नत्थू, एक डाव पुरं कीर्तन मह्या कानावर पडू दे. मंग देवानं खुशाल न्यावं मले."

रेडिओ लागला त्या पहिल्याच दिवशी चौघांनी तिची खाट खांद्यावर घेतली. वाटेतले लोक चपला काढून हात जोडायला लागले. म्हातारी खाटेवरून ओरडली, "अजून नाई बापा! रेडिओ ऐकाले चालली!"

ओट्यावर भजनी मंडळाचे म्हातारे शेषराव आधीच बसले होते. कीर्तनाची रीत म्हणजे शेषरावांचा श्वास. गादीवर बसून चार लोकांना ऐकवतो तो बुवा, असं म्हणून त्यांनी रेडिओखाली गादी घातली, गळ्यात हार घातला, कपाळ दिसेना तेव्हा काचेलाच बुक्का लावला. इथंच घात झाला. गादीवरच्या बुवांना आरतीआधी कोणी थांबवत नाही, आणि आरती झाल्याशिवाय श्रोताही उठत नाही.

बुवांनी आधी भजन म्हटलं, मग कापसाचे भाव सांगितले. प्रत्येक भावाला टाळकरी "विठ्ठल विठ्ठल" म्हणत गेले. शेवटी "ही सभा संपली" असं सांगून बुवा नुसते खरखर करू लागले.

शेजारच्या बौद्धवाड्यातला देवमन बातम्या ऐकायला आला होता. तो म्हणाला, "नत्थुजी, कान पिळा त्याचा. बॅटरी जळून राहिली."

"बुवाचा कान पिळतं का रे?" शेषराव कडाडले.

"पण मामा, सभा संपली म्हणे ना!"

"संपली म्हणे, पण आरती कुठं म्हणली? बुवा ध्यानात गेले. बस खाली."

देवमनही बसला. सगळी वस्ती ती खरखर ऐकत बसली. चुलीवरच्या भाकरी करपल्या. म्हैस धारेच्या वेळेला स्वतःच ओट्यापाशी येऊन उभी राहिली. मालकानं बसल्या जागेवरून हात लांबवून तिची धार काढली. अंधारून आल्यावर शेषराव पेंगले, तेव्हा कुठं नत्थुजीनं हात जोडून बुवांचा कान हळूच पिळला.

रोज हेच. बुवांचा आवाज बारीक होत चालला.

"मामा, आपणच आरती म्हणू," नत्थुजी काकुळतीला आला. "मह्या मायच्या कीर्तनाले बॅटरी उरली पायजे."

"बुवांनी सांगतल्याबिगर? हे का लगन होय, का जेव्हा मन झालं तेव्हा अक्षता टाकल्या?"

एकादशी उजाडली. कीर्तन लागलं. आवाज मुंगीएवढा, पण वस्तीनं श्वास रोखून धरला होता. गजेंद्राचं आख्यान रंगात आलं. मगरीनं पाय धरलेला, सोंडेचं टोक तेवढं पाण्यावर, हत्तीनं देवाला हाक मारली... आणि बुवा गप्प. खरखरसुद्धा नाही.

"सरली बॅटरी," देवमन म्हणाला.

"घसा बसला बुवांचा!" शेषरावांनी आलं-गुळाचा काढा मागवला. वाटी रेडिओपुढं धरून झाली, फुंकर घालून झाली. आता कोणी उठायचं नाही, आणि हत्ती पाण्यातच! नत्थुजीला आईकडं बघवेना.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "काहून रे, तोंडं काहून पाडली? बुवा थकले तर मांगच्यानं धरा लागते ना? शेषराव, टाळ उचल."

आणि पार्बताबाईनं आख्यान धरलं. तिच्या आख्यानात देव गरुडाला म्हणाला, "तू येत राय मांगून, तुले लय वेळ लागते." देव अनवाणी धावला. वाटेत रेल्वेचं फाटक लागलेलं. फाटकवाला म्हणे, मालगाडी जाऊ द्या. देव म्हणे, तिकडं हत्ती बुडून राहिला, अन् वाकून दांड्याखालून निघाला! सगळी वस्ती रडता रडता हसत होती. देवमन टाळ्या वाजवत होता.

हत्ती सुटला. म्हातारीनंच आरती सांगितली. शेषरावांनी बुक्का घेतला, पण तो काचेला नाही, तिच्या कपाळाला लावला.

"माय, तुहं ऐकाचं तर राहूनच गेलं," नत्थुजी म्हणाला.

"ऐकलं ना. पुरं ऐकलं. मह्याच तोंडून ऐकलं, त्याले काय होते?"

दिवाळीनंतर नवी बॅटरी आली. तेव्हापासून रोज सभा संपली की पार्बताबाई खाटेवरून आरती सांगे, मगच नत्थुजी बुवांचा कान पिळे. बॅटरी पुढं पुष्कळ दिवस पुरली.

तर बाबांनो, घरी जा, जेवा, रेडिओ ऐका. मात्र ऐकून तो बंद करताना जिनामागच्या पार्बताबाईचं नाव एकदा मनात घ्या, एवढंच मागणं.