कारंज्यातली चूक

पाथरवटाने कारंज्याचं पाणी बंद केलं, बाह्या सरसावल्या आणि कुंडात पुढे आलेल्या दगडावर छिन्नी टेकवली. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून मान बाहेर काढली.

“आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!”

“उगवला असेल.”

गल्लीत नळ आले तेव्हा हे कारंजं त्यानेच घडवलं होतं. कंबरेइतका खांब, पितळेची तोटी, पायाशी कुत्र्या-पाखरांसाठी उथळ खळगा. सगळं कसं देखणं! फक्त हा एक दगड तेवढा पुढे आलेला. तोटीची धार त्यावर फटफट आपटायची, येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे भिजायचे आणि आवाज तर अख्ख्या गल्लीभर. लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली, शिंप्याने तर डोकं खाल्लं. एवढा नावाजलेला कारागीर, पण तो आपला एकच म्हणायचा, “चुकलं खरं. करू कधीतरी.” पुढे मोठी कामं त्याच्याकडे यायची थांबली, तरी त्याने दगडाला हात लावला नाही.

शेवटचा तुकडा निघाला. त्याने पाणी सोडलं. धार कुंडाच्या भिंतीवरून सरकत गुपचूप खाली उतरली.

“वा! वहिनी होत्या तेव्हाच केलं असतंस, तर माझे कान वाचले असते.”

पाथरवट छिन्नी पुसत राहिला.

“ती होती म्हणूनच नाही केलं. तिला दिसत नव्हतं रे. कुणाला सांगू नका म्हणाली, लोक कीव करतील. या आवाजावर बाजारातून घरी यायची. इथून वळलं की तिसरं दार.”



“पण रोज माझ्या दुकानाशी थांबायच्या की. मला वाटायचं, कापड बघतात.”

“तुझं मशीन थांबायची वाट बघायची. ते चालू असलं की धार ऐकू यायची नाही.”

शिंप्याचा हात चाकावरून खाली आला.

“अरे, मग राहू द्यायचा होतास ना तो दगड!”

“घरात बसलो की आवाज येतो. वाटतं, वाट चुकलेली नाही, येईलच आता. नाही सोसवत मला.”

दगडाचे तुकडे पिशवीत भरून तो निघाला. तिसऱ्या दाराशी पोचून त्याने कडी काढेपर्यंत शिंप्याने मशीन सुरू केलं नाही.