साडेतीन फूट

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या संस्थेत शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच त्या गुरुवारी सकाळी कुलगुरूंचा तिसरा फोन आला, तेव्हा सुरेंद्रने लांबूनच हात करून तो माझ्याकडे दिला आणि दोन पावलं मागे सरकला.

"दामिनी मॅडम, दाखल्यावर सही झाली का?"

"नाही सर."

"सोमवारी समिती येतेय. पहिला तलाव यशस्वी झाल्याचा तुमचा दाखला हातात पडला, की पुढचे बेचाळीस तलाव मंजूर. एका सहीसाठी एवढं काय हो?"

"बघते सर," म्हणाले आणि फोन ठेवला.

आता हे बेचाळीस तलाव काय ते सांगते. विद्यापीठाची जल संशोधन संस्था आहे, चंद्रपूरला. चार वर्षं झाली, मी तिची संचालक. आमच्या भागात गावोगावी मालगुजारांच्या काळातले जुने तलाव आहेत, मामा तलाव म्हणतात त्यांना. निम्मे गाळाने भरलेले. गाळ काढायचा, शेतकऱ्यांच्या वावरात टाकायचा, तलावाची खोली वाढवायची, अशी आमची योजना. किती खोल खणायचं ते मी ठरवलं. साडेतीन फूट. पहिला तलाव कोणता घ्यायचा तेही मीच ठरवलं. माझ्या माहेरचा, चामोर्शीपासून अकरा किलोमीटरवरचा. मागच्या मे महिन्यात तो खणून झाला. ऑगस्टमध्ये तुडुंब भरला, नऊ दिवस सांडव्यावरून पाणी वाहिलं, पेपरात माझा फोटो आला. तलावात पाणी दिसत होतं, माझं मात्र विमान ढगात होतं.

आणि आदल्याच रात्री, बुधवारी, गावाहून इंदिराबाईचा फोन आला होता. "पोरी, तलाव बसला वो."

"बसला म्हणजे?"

"म्हंजे मधात डबकं उरलं. बाकी चिखल दिसून राह्यला."

जानेवारीत! ज्या तलावाचा चिखल मी लहानपणी एप्रिल संपल्याशिवाय कधी पाहिला नाही, तो जानेवारीत उघडा पडला होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उठून जुना अहवाल काढला, परत ठेवला, परत काढला.

"बाष्पीभवन असेल मॅडम," सुरेंद्र म्हणाला. हा माझा संशोधन सहायक, नागपूरचा, हुशार आहे पण तोंडाला येईल ते बोलतो.

"जानेवारीत? तुझं स्वेटर दोन दिवस वाळत नाही, अन् तलाव वाळतो? चल, गाडी काढ. मागे तो निळा ड्रम टाक."

मूल गाव मागे पडलं, वैनगंगेचा पूल आला. माझं मन सारखं बडबडत होतं. खणताना तळाची चिकण माती फुटली असेल का? ती फुटली तर तलाव म्हणजे बूड नसलेलं मडकं. पण मी तीन ठिकाणी माती तपासली होती की! तिन्ही ठिकाणी चिकण चांगली सहा फूट होती. तिन्ही ठिकाणं पाळीजवळ, म्हणजे काठाच्या बांधाजवळ होती, हेही मला आठवत होतं. मधे तेव्हा पाणी होतं, आणि पाणी आटेपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. मार्च संपायच्या आत अहवाल द्यायचा होता.

पाळीवर केवळरामभाऊ उभे होते. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, सत्तरीचे. माझा बाप आणि ते एका डोंग्यात बसून जाळं टाकायचे. मला बारावीनंतर नागपूरला पाठवायचं ठरलं, तेव्हा माझा बाप कचरत होता, आणि "जाऊ दे बे तिले, जाळं ओढाले आपण आहो ना" असं म्हणणारे हेच. मला ते दामे म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "या मॅडम."

मॅडम! कानाखाली मारली असती तरी चाललं असतं.

"भाऊ, मॅडम काऊन म्हणता?"

"साहेब लोक संगं आहे ना तुह्या," सुरेंद्रकडे बघत ते म्हणाले, आणि तलावाकडे वळले.

पाळीच्या आतून दोन वावरं मावतील एवढा चिखल, भेगा पडायला लागलेला, आणि पार मधे पाण्याचं डबकं. बगळे नुसते दाटले होते. ऑगस्टमध्ये सोडलेलं मत्स्यबीज अजून वीतभरही झालं नव्हतं. एप्रिलपर्यंत किलोकिलोचं झालं असतं. आता एवढ्याशा मासोळ्या मच्छीमार संस्थेला तशाच काढून विकाव्या लागत होत्या. कालवा बंद, शेताला एक थेंब सोडलेला नव्हता. मग पाणी गेलं कुठे?

हे शोधायची एक सोपी रीत आहे. पाण्यात ड्रम उभा करायचा, त्यात तलावाचंच पाणी भरायचं, आत-बाहेर पातळी सारखी ठेवून रंगाने खूण करायची. उन्हाने जेवढं पाणी उडतं तेवढं दोन्हीकडे सारखंच उडणार. बाहेरचं जास्त उतरलं, तर ते खाली मुरतंय. सुरेंद्र आणि पत्रू नावाचा एक मच्छीमार कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि त्यांनी दगड घालून ड्रम पक्का बसवला.

केवळरामभाऊ पाळीवरून बघत होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे काय करून राह्यली. त्यांच्या गप्प बसण्याचा मला राग येत होता, आणि तो राग खरं म्हणजे कोणावर आहे ते मला कळत होतं.

कारण मागच्या एप्रिलची सभा. समाजमंदिरात सगळं गाव जमलं होतं. मी भिंतीवर नकाशा दाखवत होते आणि केवळरामभाऊ उठून म्हणाले होते, "मधात हातभरापेक्षा जास्त नोको काढू, पोरी. डोंगा ढकलतो ना, तं सगळीकडं बांबू चिखलात फसते. तिथी खडखड वाजते. मुरूम जवळ आहे तिथी." आणि मी, सगळ्या गावासमोर, हसून म्हणाले होते, "भाऊ, बांबूचं मोजमाप आमच्या अहवालात चालत नाही. तुम्ही बसा."

लोक हसले होते. भाऊही हसले होते आणि बसले होते.

गुरुवार ते रविवार मी इंदिराबाईकडे राहिले. इंदिराबाई केवळरामभाऊंची बायको. ती मला जेवायला वाढायची आणि मी भात चिवडत बसायचे. दर तासाला उठून तलावावर जायचे. सुरेंद्र म्हणाला, "मॅडम, तासातासाला बघून पाणी लवकर उतरणार नाही."

"तू तुझं काम कर," मी खेकसले. मग वाईट वाटलं, मग पुन्हा तलावावर गेले.

शनिवारी सकाळी घरासमोर टेम्पो उभा राहिला. तेलंगणात मिरची तोडायला जाणारी गाडी. आमच्याकडची मजूर माणसं दरवर्षी जातात, पण मच्छीमारांची घरं फारशी जात नसत. त्यांना तलाव होता. यंदा इंदिराबाईची सून आचल पोतं आणि भांडी घेऊन गाडीत चढत होती. तिची दोन वर्षांची पोर आजीच्या कडेवर हातपाय झाडून रडत होती.

"कधी येशील?" मी विचारलं.

"होळीले. नाई तं मिरची सरल तवा." आचल माझ्याकडे बघून हसली. साधं हसली, मनात काही न ठेवता. "तलाव भरला असता तं कायले गेलो असतो, आत्याबाई? तुमी करून राह्यल्या ना काईतरी. होईल बरोबर."

बाई गं! त्या "होईल बरोबर"ने माझा जीव घेतला. टेम्पोत माझ्या ओळखीची अकरा घरं होती. मी तिथे उभी राहू शकले नाही.

रविवारी दुपारी आम्ही खुणा बघितल्या. ड्रममधलं पाणी जेमतेम एक बोट उतरलं होतं. बाहेरचं पाच बोटं. सुरेंद्रने दोनदा मोजलं. मी त्याला बाजूला सारून स्वतः मोजलं, तरी पाचच. मग केवळरामभाऊंनी मागच्या वर्षी सभेत सांगितली होती त्या मधल्या जागी, डबक्याच्या काठच्या चिखलात, माती काढायचं गिरमिट फिरवलं. वीतभर चिखल, आणि खाली कर्र. वर आला तो लाल मुरूम, पाणी न धरणारा. चिकण मातीचा पत्ता नाही. जी काही होती ती आमच्या जेसीबीने उचलून वावरात टाकली होती. माझ्या सांगण्यावरून, साडेतीन फूट.

तिथेच चिखलात उभं राहून मी कुलगुरूंना फोन लावला.

"सर, सही होणार नाही. तलाव गळतोय, आणि चूक माझी आहे. खोली ठरवताना मधली माती मी तपासली नाही. बेचाळीस तलावांचं काम थांबवा."

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाऊस कमी झाला असं लिहा ना. कोण मोजायला जातंय?"

"मोजायला मीच जाते सर. त्याचाच तर पगार घेते."

"भावनेच्या भरात बोलू नका. ही योजना गेली तर संस्थेत उरतं काय? तुमच्या सहा पोरांचे करार मार्चमध्ये संपताहेत. त्यांना काय सांगाल?"

त्या सहा पोरांतला एक माझ्या शेजारी गिरमिट धरून उभा होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. मी फोनवर हात ठेवला.

सुरेंद्र मुरूम हातात चुरत म्हणाला, "मेमध्ये माझं लग्न आहे मॅडम." मग मुरूम खाली टाकून, "पण लिहा. दुसऱ्या कोणी खणून बघितलं तर आपण कुठे तोंड दाखवणार?"

मी फोन कानाला लावला. "सर, पत्र आज रात्री तुमच्याकडे येईल आणि समितीकडेही. माझं पद ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा." त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी समाजमंदिरात मी सभा बोलावली. मागच्या खेपेला पाय ठेवायला जागा नव्हती. या खेपेला तीसेक माणसं, त्यात म्हातारे जास्त. बाकीचे मिरचीवर गेले होते. मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. तलाव कशाने गळतो, कोणी सांगूनही मी ऐकलं नाही, उन्हाळ्यात चिकण माती आणून, ओली करून, म्हशी फिरवून तुडवली तर तळ पुन्हा पाणी धरेल, पण धरेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. केवळरामभाऊंकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुमचं बरोबर होतं. मी तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बसवलं. मला माफ करा."

इंदिराबाई नातीला थोपटत राहिली. पत्रू जमिनीकडे बघत होता. मला ते सहन होईना.

"अरे, काहीतरी बोला ना! शिव्या द्या! तुमचा तलाव फोडला मी!"

"शिव्या कायले देऊ?" केवळरामभाऊ सावकाश म्हणाले. "चूक आमची बी आहे."

"तुमची कशी? तुम्ही तर सांगितलं होतं."

"एकडाव सांगतलं. मंग बसलो." त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. "जेसीबी मधात गेली, तवा आमी समदे पारीवर उभे होतो. समद्याइले मालूम होतं तिथी मुरूम आहे. हा पत्रू म्हणत होता, भाऊ, आडवे जाऊ. दुसरा कोनता साहेब असता ना, तं जेसीबीसमोर झोपलो असतो आमी. मीच म्हनलं, राहू दे. आपली दामी आहे. तिले आपल्यापेक्षा जास्त समजत असन."

मला वाटलं होतं, त्यांना गप्प मी केलं. ते माझ्यापायी गप्प राहिले होते, सगळं दिसत असताना, मायेने. कुलगुरूंशी भांडताना मी घाबरले नव्हते. आता मात्र मी भिंतीला टेकून खाली बसले.

"त्या बेचाळीस गावात जाशीन ना आता?" भाऊंनी विचारलं.

"संचालक राहिले तर जाईन. नाही राहिले तरी जाईन."

"मंग तिथल्या लोकाइले इतकंच सांगजो. आपली पोरगी असली, तरी आडवे जा म्हना."

मी हो म्हणाले. त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून वही उघडली आणि त्यांनी सांगितलं तसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत, लिहून घेतलं.